नाथीआतेच्या नावावरचा गळा

नाथीआतेनं गिरजाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "जल्ला, निसते व्होट काय हलवतंस? आवाज काड."

गिरजा आवाजच काढत होती. मांडवात उंबराची फांदी येते तेव्हाचा धवला, लग्नविधीचं गाणं, ती नेहमीसारखा पोटातून, मोकळ्या गळ्यानं म्हणत होती. खिडकीतला कावळा दचकून उडून गेला होता. पलीकडच्या पडवीतलं तान्हं पोर रडायचं थांबलं होतं.

"गातेय मी, आते."

"हां. ह्या आयकू आला. 'गातेय मी' आयकू आला. गानं नाय आला."

गिरजानं आतेच्या कानातली कर्णिका काढली, पदराला पुसली, स्वतःच्या कानात घातली. दुसऱ्या कानात स्वतःची घातली, गाताना ती काढून ठेवायची. मग तिनं एक ओळ म्हटली. बाहेर शुकशुकाट. स्वतःचा आवाज तिला नुसता हाडांतून आला, विहिरीच्या तळाशी कुणी गुणगुणावं तसा. आणि कानात एक गोड बाई म्हणाली, "हा गळा नोंदणीकृत गळ्याची नक्कल आहे. आपल्या सोयीसाठी तो वगळण्यात आला आहे."

आतेची कर्णिका तिनं परत आतेच्या कानात बसवली.

"मगाशी ती बाय माज्याशी पन बोलली," आते म्हणाली. "मना वाटला, कर्ज पायजे का इचारतंय."

आठवड्यावर लग्न आलं होतं. आतेच्या भाच्याची मुलगी प्रचिती हिचं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत प्रत्येक विधीचा एक धवला असतो आणि तो म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. भटजी नंतर येतात, घाईत असतात, धवलारीण आधीपासून असते आणि तिला कसलीच घाई नसते. खारेपाटातल्या गावांमध्ये चाळीस वर्षं ही जागा नाथीबाई भोईर हिची होती. तिचे दात गेले, मग दम गेला, मग कान गेले. तेव्हापासून ती नुसती पाटावर बसायची आणि तिच्या मागं म्हणणारी गिरजा पुढं म्हणायची.

गिरजा आगरी नव्हती. तिचा बाप यल्लापूरकडच्या जंगलातून मिठागरावर मजुरीला आलेला सिद्दी. कित्येक शतकांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं आणली गेली, कुणी शिपाई म्हणून, बरीचशी गुलाम म्हणून, त्यांचा हा वंश. बापाला हे काही ठाऊक नव्हतं. त्याला मीठ कसं ओढायचं ते ठाऊक होतं. तो एका पावसाळ्यात तापानं गेला आणि चार वर्षांची गिरजा नाथीआतेच्या चुलीपाशी आली. आतेनं तिचे कुरळे केस विंचरताना दोन फण्या मोडल्या, तिसरी लाकडाची आणली आणि विंचरता विंचरता धवले म्हणत राहिली. गिरजाला ते शिकवावे लागले नाहीत. डोक्यातून ओढून आत घातल्यासारखे गेले.

आता कर्णिकेबद्दल सांगायला हवं.

विमानतळ सुरू झाला, बंदराचा रस्ता आठपदरी झाला आणि या पट्ट्यातली माणसं पन्नाशीच्या आत बहिरी व्हायला लागली. तेव्हा सरकारनं घरटी कर्णिका वाटल्या. मटाराएवढं यंत्र. आवाज म्हणजे हवेतली लाट. त्या लाटेची बरोबर उलटी लाट तयार करून तिच्यावर सोडली की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि मध्ये शांतता उरते. ही युक्ती जुनी. नवी गोष्ट अशी की कर्णिका कालवलेल्या आवाजांतून एकेक आवाज निवडून वेगळा काढू शकते. विमान वगळायचं आणि नातवाची हाक ठेवायची. ट्रक वगळायचा, कुकरची शिट्टी ठेवायची. लोक सुखावले. वर्षभरात कुणी ती झोपतानासुद्धा काढेना.

जे वगळता येतं त्यात काय काय वगळायचं, हा प्रश्न मग आपोआप आला.

त्याच सुमारास स्वरवंश कायदा झाला होता. तो वाईट कायदा नव्हता, हे आधीच सांगते. डोंगरातल्या, पाड्यांवरच्या, गावकुसाबाहेरच्या माणसांची गाणी कुणीही उचलत होतं, यंत्राला खाऊ घालत होतं आणि यंत्रातून ती गोरीगोमटी, बिनगावाची होऊन बाहेर पडत होती. कायद्यानं प्रत्येक समाजाला आपली गाणी आपल्या नावावर करता आली. त्यासाठी त्या समाजातल्या जाणत्या माणसाचा गळा 'मूळ गळा' म्हणून नोंदवायचा. स्वरयंत्रापासून ओठापर्यंत जी वाकडीतिकडी नळी असते, टाळूची कमान, जिभेचं बूड, नाकाकडचा बोळ, ती कुणाही दोघांची सारखी नसते. एकाच बेटाच्या बांबूच्या दोन बासऱ्या वेगळ्या वाजतात तसं. यंत्र ती नळी आवाजावरून ओळखतं. समाजातलं कुणीही ती गाणी म्हणू शकतं. बाहेरच्यानं विचारून म्हणायची. आणि मूळ गळ्याची हुबेहूब नक्कल कुणी केली तर ती चोरीच, कारण चोर कंपन्या नेमकं तेच करत होत्या.

सरकारी पथक खारेपाटात आलं त्या आठवड्यात आतेचा भाऊ वारला होता. आतेला सुतक. सुतकात धवलारीण धवला म्हणत नाही, ती फक्त बसते आणि तिच्या मागची म्हणते. ही कायमची रीत होती. असा म्हटलेला धवला धवलारणीचाच धरतात, जसा सासूच्या हातची पुरणपोळी सुनेनं लाटली तरी सासूचीच असते. शाळेच्या सभागृहात आते पाटावर बसली, गिरजा तिच्या मागं उभी राहून दिवसभर गायली. पथकातल्या पोरानं विचारलं, "धवलारीण कोण?" सगळ्यांनी आतेकडे बोट दाखवलं. त्यात कुणाला काही खोटं वाटलं नाही, कारण ते खोटं नव्हतंच.

अशा रीतीनं गिरजाचा गळा नाथीबाई भोईर यांच्या नावावर झाला. आणि आता कर्णिकेला गळे तपासायची नवी अक्कल आल्यावर तिला एकच गळा दोन बायकांकडे सापडला. तिनं थोरलीला मालकीण ठरवलं, धाकटीला चोर.

*

अलिबागच्या स्वरवंश कार्यालयात उर्मिला पावरा नावाची अधिकारी होती. नंदुरबारकडची, तिशीची. तिनं गिरजाला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकलं आणि शेवटी टेबलावरचं मांजर ढकलावं तसं ते ऐकलेलं बाजूला सारलं.

"गिरजाताई, तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते मी ऐकलं नाही असं धरते. ऐकलं तर मला लिहावं लागेल."

"लिहा की. खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच. मूळ गळा दुसऱ्याचा निघाला तर सगळी नोंद रद्द. एकूणएक धवले बेवारस. आणि बेवारस गाणी विकत घ्यायला एका कंपनीचा अर्ज येऊन पडलाय. त्यांना काही करायचं नाहीये, फक्त वाट बघायची आहे."

गिरजानं चहा ढवळला. त्यात ढवळण्यासारखं काही नव्हतं.

"माझी आजी होळीला एक गाणं म्हणायची," उर्मिला म्हणाली. "ते साबणाच्या जाहिरातीत आलं. मी आजीला दाखवलं. तिनं त्या बाईला बघून विचारलं, ही कुणाची पोर? कुठल्या पाड्यावरची? मला काही सांगता आलं नाही. म्हणून मी या खात्यात आले, ताई. तुमच्यासाठी मी हा कायदा मोडू शकत नाही, आणि तुमच्याकडे बघून तो बरोबर आहे असंही म्हणवत नाही."

"वाट नाही का काही?"

"एक आहे. समाजाच्या सभेनं एकमतानं सांगायचं, की आमचा मूळ गळा ह्या बाईचा. मग नोंद तुमच्या नावानं होते, गाणी समाजाचीच राहतात. पण आजपर्यंत एकाही समाजानं बाहेरच्या माणसासाठी असा ठराव केलेला नाही." तिचा चेहरा उजळला. "दुसरं एक करता येईल. तुम्ही सिद्दी आहात. आमच्याकडे सिद्दींचा रकाना रिकामा आहे. महोत्सवात त्यांची जागा राखून ठेवलेली असते, दरवर्षी कुणी मिळत नाही. तुम्हाला आज नोंदवते. दमाम वाजवता येतो?"

"मला भाकरी थापता येते. बंदराच्या कँटीनला तेच करते."

"नाच? तो पानं गुंडाळून करतात तो?"

"पानं गुंडाळून मी मासे भाजते."

उर्मिला ओशाळून हसली. "तसं नाही म्हणायचं मला. पण तुमचं स्वतःचं काहीतरी असेलच ना."

"आहे ना. धवला."

निघताना उर्मिला दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "एक सांभाळा. आत्यांना गायला लावू नका. कर्णिका घातलेल्या माणसांत त्यांनी दोन ओळी जरी म्हटल्या, तरी यंत्राला कळेल की नोंदवलेला गळा त्यांचा नाही."

*

प्रचितीचा बाप, रमाकांत भोईर, अंगणात टेंपोतून खुर्च्या उतरवून घेत होता. तो समाजाचा अध्यक्ष होता आणि नोंदणीच्या दिवशी सभागृहात डोकं भादरून, बापाच्या सुतकात बसलेला, त्यानंही आतेकडेच बोट दाखवलं होतं.

"तू आमचीच हायस, गिरजे," सगळं ऐकून तो म्हणाला. "घरातली. ह्याच्यात दुमत नाय."

"मग सभेत सांगा."

"घरातला वेगला, सभेतला वेगला." त्यानं एक खुर्ची उघडून तिच्यापुढे ठेवली, पण ती बसली नाही. "बारा गावच्या माणसांसमोर मी काय सांगू? आगऱ्यांचा मूल गला... तसा नाय गो. पुलाच्या खांबावर आतेचा चेहरा रंगवलाय. हल्लीच. आता तो पुसून तिथं..."

"माझा काढा. रंग कमी लागेल. काळाच तर आहे."

टेंपोवाला हसला. रमाकांतही हसला आणि मग आपण हसलो हे त्याच्या लक्षात आलं. तो खुर्ची मिटायला लागला.

"लग्न होऊ दे," तो म्हणाला. "हर्षालीला बोलवलंय. प्रमाणपत्रवाली हाय. चांगली म्हनतंय."

हर्षाली खरंच चांगली म्हणायची. कॉलेजातली मुलगी, आगरीच, आवाज गोड, नोंदवलेल्या ध्वनिफितीवरून घोटून घोटून शिकलेली. दोन दिवस आधी ती गिरजाकडे आली.

"मावशी, उंबराच्या धवल्यात आवंढा कुठं गिळायचा? दुसऱ्या कडव्यानंतर की तिसऱ्या? आम्हाला सरांनी दुसऱ्या सांगितलाय, पण फितीत मला तिसऱ्यानंतर ऐकू येतो."

गिरजाला तो आवंढा आठवला. सभागृहातला पंखा बंद होता, घसा सुकला होता.

"तो असा काही धवल्यातला नाही गं," ती म्हणाली. "मला... आतेला तहान लागली होती."

"पण किती सुंदर जागी गिळलाय," हर्षाली म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

त्या दिवशी गिरजानं आतेला धवला नुसता बोलून दाखवायचा प्रयत्न केला. बोलणं कर्णिका अडवत नव्हती. शब्द सपाट ठेवले की पोचायचे, जरा हेल दिला की मधेच कापले जायचे. तिनं तो काठ चाचपून पाहिला. कितपत लांबवता येतं, कुठं सूर लागतो आणि कुठं यंत्र दार लावतं. आतेनं थोडा वेळ सहन केलं.

"ह्या काय वानसामानाची यादी वाचतंस?" ती म्हणाली. "यंत्र बिघरला असंल तर रमाकांतला सांग. तू अशी वाचू नको. मना भ्या वाटतंय."

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. म्हातारीला सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे गिरजाला शेवटपर्यंत उमगलं नाही.

*

मेढ रोवायचा दिवस. सकाळचं ऊन मांडवाच्या कापडातून गुलाबी होऊन खाली आलं होतं. प्रचितीचा मामा मेढीची उंबराची फांदी खांद्यावर घेऊन उभा. खड्डा खणलेला, त्यात सुपारी, हळकुंड, तांदूळ पडलेले. आते पाटावर. तिच्या मागं, जिथं गिरजा उभी राहायची तिथं, नऊवारीतली हर्षाली. गिरजा समोर, बायकांच्या घोळक्यात, एका खांबाला टेकून.

हर्षालीनं सुरुवात केली. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. दुसऱ्या कडव्यानंतर तिनं व्यवस्थित आवंढा गिळला.

आतेनं मान वळवून मागं पाहिलं. "ही कोन?"

"हर्षाली, आते," रमाकांत वाकून म्हणाला. "धवलारीण."

"धवलारीण मी हाय. माज्या मागची कुटं हाय?"

हर्षाली थांबली. आतेची नजर मांडवभर फिरली आणि गिरजावर येऊन टेकली. तिनं हात वर करून, कोंबड्यांना बोलवावं तसं, बोटांनी बोलावलं. गिरजा पुढं गेली नाही. पण इतक्या वर्षांची सवय, आतेचा हात वर गेला की तोंड उघडायचं. तोंड उघडलं. उंबराच्या फांदीची पहिली ओळ तिच्या ओठांवर आली आणि मांडवात शांतता पसरली. शेदीडशे कर्णिकांनी एकदम तिला वगळलं. फक्त प्रचितीच्या मावशीच्या कडेवरचं पोर मान वळवून गिरजाकडे बघू लागलं.

आते गिरजाच्या ओठांकडे बघत होती. मग आतेचे स्वतःचे ओठ हलू लागले आणि त्यातून आवाज आला. दात नसलेला, फाटका, श्वासाला जागोजागी ठिगळं लावलेला. पण शब्द बरोबर गिरजाच्या ओठांवरचे, एक अक्षर मागून.

मांडवाला तो ऐकू येत होता.

रमाकांतनं गिरजाकडे पाहून हात हलवला, तोंड मीट, तोंड मीट. त्याचं बरोबर होतं. आते ओठ बघून म्हणत होती, गिरजानं ओठ मिटले असते तर आते तिथंच थांबली असती. सगळं वाचलं असतं. खांबावरचा चेहरा, बारा गावांची गाणी, उर्मिलाच्या आजीसारख्या कितीजणींची लाज. एवढं सगळं तिच्या तोंड मिटण्यावर अडलं होतं.

गिरजाला हे सगळं कळत होतं. त्या क्षणी तिला काही थोर वाटलं असतं तर सांगायला बरं झालं असतं. ती दमली होती. आपल्याच गळ्याची चोर होऊन, सगळ्यांना सांभाळून घेऊन, दमली होती. आणि आते तिच्याकडे अशी बघत होती जसं जगात वाचायला दुसरं काही उरलंच नाही.

तिनं दुसरं कडवं सुरू केलं. आते मागून आली.

तिसऱ्या ओळीला गोड बाई सगळ्यांच्या कानात बोलली. "नाथीबाई भोईर यांचा गळा नोंदवलेल्या मूळ गळ्याशी जुळत नाही. पडताळणी होईपर्यंत ही गाणी सर्वांसाठी स्थगित आहेत." आतेचे ओठ हलत राहिले, आवाज गेला. हर्षालीनं घाबरून एक ओळ म्हणून पाहिली. तिचीही गेली.

मामा फांदी घेऊन उभाच. धवला झाल्याशिवाय मेढ रोवता येत नाही. वरपक्षाची माणसं घड्याळ बघू लागली. आतून कुणीतरी येऊन विचारून गेलं, पानं मांडायची का, भात निवतोय.

"आता?" मामा म्हणाला. "माजा खांदा सुजला."

कुणी भाषण केलं नाही. प्रचितीनं हळदीच्या हातानं आपल्या कर्णिका काढल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या, कारण मुहूर्त तिचा होता. मामानं काढल्या, कारण खांदा त्याचा होता. मग बायकांनी काढायला सुरुवात केली. सगळ्यांनी नाही. रमाकांतनं नाही काढल्या. महामार्गाचा आवाज, इतकी वर्षं बाहेर ठेवलेला, पूर आल्यासारखा मांडवात घुसला. काहीजणांनी घाबरून परत घातल्या.

गिरजा आतेच्या पाटामागं, आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. गायला लागली. चौथ्या कडव्यात वरून विमान गेलं तेव्हा तिला स्वतःलाच काही ऐकू येईना, पण ती थांबली नाही. विमान गेलं, धवला राहिला होता, तो तिनं पुढं नेला. मामानं मेढ खड्ड्यात उभी केली. माती लोटली.

आतेला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. कर्णिका घातली की गाणं नाही, काढली की काहीच नाही. ती पाटावर बसून लोकांचे चेहरे बघत होती, या बाजूचे, त्या बाजूचे, एकेक करत.

पानं मांडली गेली. रमाकांत गिरजापाशी आला. त्याच्या हातात फोन होता, त्यावर लाल अक्षरांत काहीतरी. तो रागावलेला दिसत नव्हता, म्हातारा झालेला दिसत होता.

"सोमवारी अलिबागला जावा लागंल," तो म्हणाला. "त्याच्याआधी सभा. रविवारी."

"सभेत काय सांगणार, दादा?"

"मना नाय म्हायत." त्यानं मांडवाकडे पाहिलं. "न सांगितला तर गानी जातील. सांगितला तर..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. "तू ये. मागं नको उभी राहू. पुढं बस."

तिनं आतेला उठवायला हात दिला. आतेनं उठता उठता तिचा कान जवळ ओढला आणि, बहिऱ्या माणसांना हळू वाटतं तेवढ्या मोठ्यानं, म्हणाली, "चवथ्या कडव्याला एक ओल खाल्लीस."

खरंच एक ओळ खाल्ली होती. विमानाच्या आवाजात.

"तुला ऐकू कुठं आलं?" गिरजानं विचारलं, सपाट, कर्णिकेला चालेल असं.

"आयकाला कशाला पायजे? बहिनीची ओल येते तवा प्रचितीची मावशी रडतं. दर लग्नात रडतं." आतेनं मावशीकडे बोट दाखवलं. ती पोराला भात भरवत होती, डोळे कोरडे. "आज नाय रडली. जा, म्हनून ये तिच्या कानात. लग्न अर्धा ऱ्हायल."

गिरजा गेली. मावशीच्या कानातली कर्णिका तिनं स्वतःच्या हातानं काढली आणि खाली वाकली.